पुढच्या कार्डात बसेल वाडी

नामदेव चिमट्याची आठवण निघाली की माझं डोकं फिरतं. आधी त्याच्यावर फिरतं, मग आमच्या सरांवर, मग त्या बिल्डर शेठवर, आणि एवढं फिरून झालं की परत त्याच्यावरच येऊन थांबतं. माणूस वाईट नव्हता. पण इतका चिडका, इतका हटवादी आणि त्यावर इतका भाबडा माणूस एकाच कातडीत कसा मावला, हे मला अजून कळलेलं नाही.

लोणावळ्यात आमच्या सरांचं आर्किटेक्टचं ऑफिस आहे. मी तिथे फोन, पत्रव्यवहार आणि येणारी-जाणारी माणसं सांभाळते. नामदेव थ्रीडी करायचा. म्हणजे जो बंगला अजून बांधलेलाच नाही, त्याचं असं चित्र काढायचं की बघणाऱ्याला वाटावं, आता चपला काढून आत जावं. मावळात डोंगराच्या पायथ्याला प्लॉट पाडून बंगले विकायचे तर पहिल्यांदा चित्र लागतं. माणसं चित्र बघून बुकिंग करतात. जमीन बघायला नंतर कधीतरी येतात, बरोबर जेवणाचे डबे घेऊन.

नामदेव आंदर मावळातला, उंबरवाडीचा. टाकव्याच्या पुढे बरंच आत गेलं की डोंगराच्या सोंडेवर ही वाडी. गाडी खाली लावायची आणि पायवाटेने चढायचं. वडगावला कॉम्प्युटरचा कोर्स करून तो आमच्याकडे चिकटला आणि बाकीचं सगळं व्हिडिओ बघून शिकला. हात चांगला होता. तोंड मात्र फाटकं.

त्याची सकाळ कशी व्हायची सांगते. काचेचं दार ढकलून आत यायचा आणि हेल्मेट काढायच्या आधीच ओरडायचा, “ताई, सोळा!”

हेल्मेटच्या आतून तो आवाज रिकाम्या पिंपातून यावा तसा यायचा. पहिल्यांदा मी घाबरले होते. मला वाटलं, कुठे अपघात झाला आणि सोळा माणसं गेली.

सोळा म्हणजे सोळा जीबी. कॉम्प्युटरमध्ये चित्रं काढून देणारं एक वेगळं कार्ड असतं, ग्राफिक्स कार्ड. त्या कार्डाची स्वतःची मेमरी असते, आणि चित्रातली प्रत्येक वस्तू, प्रत्येक झाड, प्रत्येक पायरी त्या मेमरीत मावावी लागते. नाही मावली की मशीन बंद पडतं. आमच्याकडे गेम खेळणारे घेतात तसलं कार्ड होतं, आठ जीबीचं. त्याच्या पुढच्या वर्षीच्या कार्डात किती मेमरी असेल, यावर जगभर माणसं तर्क लढवत बसतात. त्या माणसांतला एक आमचा नामदेव. कुठल्या तरी परदेशी माणसाने कुठे तरी पुटपुटलेलं त्याच्या कानावर आदल्या दिवशी पडायचं, आणि सकाळी ते आमच्या डोक्यावर.

सोमवारी सोळा, बुधवारी बारा. शुक्रवारी “चोवीस, ताई, पक्की खबर हाय.” त्याच्या पक्क्या खबरा पावसाच्या अंदाजापेक्षा बऱ्या होत्या असं मी म्हणणार नाही. पण चुकल्या तरी त्याची ऐट कधी कमी झाली नाही. खबर चुकली की चूक कंपनीची.

“पंगतीत तो एक वाढपी असतो बघा,” तो म्हणायचा, “भाताचं घमेलं भरलेलं असतंय, पन हात असा आखडता, जनू त्याच्या बापाचा भात. तशी ही कंपनी. मेमरी हाय, पन वाढायची न्हाई.”

एकदा असाच येऊन खुर्चीवर आदळला आणि म्हणाला, “बस बारीक केली हरामखोरांनी!”

आमच्या चहा करणाऱ्या रखमामावशी कार्ल्याच्या बाजूने रोज एसटीने यायच्या. त्यांच्या हातातली किटली तिथेच थांबली. “आता गं बया! बस बारकी केली? आदीच उभं ऱ्हायला जागा न्हाई तिच्यात.”

“ती बस न्हवं, मावशी. कार्डातली बस. म्हंजे मेमरीचा रस्ता.”

“मग रस्ता बारका केला म्हन की. का केला?”

“पैकं खायला!”

“मग त्येच म्हनते मी. माणसानं जायचं कुनीकडनं?”

नामदेव त्यांना समजवायला बसला. रस्ता बारीक म्हणजे कार्डावर चिपांना खण कमी. मांडणीवर चारच डबे मावतात असं समजा. एका डब्यात दोन किलो, तर आठच किलो होणार. आता तीन किलोचे डबे येणार आहेत, म्हणजे त्याच चार खणांत बारा. आणि मांडणीच्या मागच्या बाजूनेही डबे लावले तर दुप्पट. मावशींनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “आन मागच्या बाजूला का लावत न्हाईत?” तेव्हा तो एवढ्या जोरात “त्येच तर!” म्हणून ओरडला की सर केबिनमधून बाहेर आले.

दुपारी डबा खाऊन झाला की तो त्याच मशीनवर गेम खेळायचा. घाटात ट्रक चालवायचा गेम. खेळायचा कमी आणि शिव्या जास्त द्यायचा. मेमरी कमी असली की लांबच्या डोंगरावरचं गाव नुसतं रंगाच्या डागासारखं दिसतं, आणि ट्रक पुढे गेला की मागचं गाव मशीन टाकून देतं. “बघा, ताई, बघा! आत्ता घरं व्हती तितं. आता सपाट!” मी म्हणायचे, अरे, खेळ आहे तो. “खेळ न्हाई. सवय हाय त्यांची,” तो म्हणायचा. कुणाची, ते सांगायचा नाही.

हे सगळं हसण्यावारी चाललं असतं. पण मग ते काम आलं.

एका बिल्डर शेठने आंदर मावळात डोंगराच्या पायथ्याची जमीन घेतली आणि बंगल्यांच्या स्कीमचं काम आमच्या सरांकडे आलं. नकाशा उलगडल्यावर नामदेव त्याच्यावर असा वाकला की आम्हाला कागद दिसेना. ती जमीन उंबरवाडीच्या बरोबर खाली होती. वाडीची रस्त्यावर यायची एकुलती एक पायवाट त्या जमिनीच्या मधोमध जात होती. दळण, शाळा, दवाखाना, गॅसचं सिलिंडर, सगळं तिथूनच खाली-वर. कुणाच्या आजोबाच्या आजोबापासून ती वाट आहे. कागदावर मात्र ती कुठेच नव्हती.

“कागदावर नसू द्या,” नामदेव म्हणाला. “चित्रात टाकतो. घेणारानं चित्रातच वाट बघितली तर मागनं कोन म्हनंल, वाट नव्हती म्हनून?”

हे असं त्याचं डोकं. मावळात जन्म काढूनही त्याला वाटत होतं की जे चित्रात आहे ते जमिनीवर राहतं. पण एका अर्थाने त्याचं खरंही होतं, कारण आमच्याकडे येणारी माणसं चित्रच विकत घेत होती.

त्याने वाडी उभी केली. काय उभी केली होती! कौलं, कुडाच्या भिंती, सारवलेली अंगणं, वाळत घातलेली लुगडी, उंबराचा पार. कोंबड्यासुद्धा. आणि वाडीतून उतरून बंगल्यांच्या मधून रस्त्याला लागणारी तांबड्या मातीची वाट. आणि मशीन बंद पडलं. परत चालू केलं, परत बंद. आठ जीबीत बंगले, हिरवळ, पोहण्याचा तलाव आणि उंबरवाडी एकदम मावत नव्हती.

आमच्या धंद्यात अशा वेळी एक शब्द ठरलेला आहे. सर म्हणाले, “झाडं काढ.”

मशीन अडलं की झाडं काढायची. झाडाला पानं फार, पानं मेमरी खातात. आधी लांबची काढायची, मग जवळची. नामदेवने झाडं काढली. उंबर काढला. तरी मावेना. मग सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “नामदेव, वाडी काढ आता. पुढचं कार्ड येऊ दे, मोठं. मग बसेल वाडी. दुसऱ्या टप्प्याच्या चित्रात टाकू, वाटेसकट.”

मी समोरच होते. सरांचा आवाज एवढा गोड झाला की समजायचं, काहीतरी घशाखाली उतरवलं जातंय. पण नामदेव त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो कार्डाकडे रागाने बघत होता. सगळा दोष त्या कार्डाचा, हे त्याला तिथल्या तिथे पटलं.

पहिल्या टप्प्याचं चित्र वाडीशिवाय गेलं. वाडीच्या जागी हिरवागार उतार, त्याच्यावर धुकं.

तेव्हापासून त्याच्या खबरांमध्ये जीव आला. आता सोळा म्हणजे नुसते सोळा नव्हते. “सोळात वाडी बसती, झाडं बसत न्हाईत. चोवीसात समदं बसतंय, ताई. उंबर पन.” रोज सकाळी हेल्मेटमधून तेच. मी वैतागून एकदा स्पष्ट सांगितलं, “नामदेव, शंभर जीबीचं आलं तरी ते वाडी टाकणार नाहीत. डोळे उघड.” तो माझ्यावर एवढा भडकला की दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला ते हे: “ताई, तुमाला हार्डवेअर कळत न्हाई.”

दसऱ्याला आम्ही मशीनची पूजा करतो. सगळे कॉम्प्युटर पुसायचे, हळद-कुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. सर स्वतः ताट फिरवतात. त्या वर्षी सगळ्यांच्या मशीनला कुंकू लागलं आणि नामदेव आपल्या मशीनसमोर हाताची घडी घालून उभा राहिला.

“लाव कुंकू,” सर म्हणाले.

“न्हाई लावनार.”

“अरे, सणाचा दिवस आहे. तुझं हत्यार आहे ते.”

“आठ जीबीचं कसलं हत्यार? ह्याच्यात माझी वाडी बसत न्हाई. ज्याच्यात बसंल त्याला लावीन. नारळ फोडीन, कोंबडा कापीन!”

सर शाकाहारी. ताट हातात तसंच धरून उभे राहिले. शेवटी रखमामावशींनी पुढे होऊन कुंकू लावलं आणि म्हणाल्या, “त्येनं काय केलंय बिचाऱ्यानं? जेवढं पोट तेवढंच खानार की ते.” ऑफिसभर हशा झाला. नामदेव हसला नाही. मला तेव्हा त्याचा राग आला होता, सणाच्या दिवशी तमाशा केला म्हणून. आता वाटतं, त्या खोलीत शुद्धीवर तो एकटाच होता, फक्त तोंड चुकीच्या दिशेला करून उभा होता.

नवीन कार्ड बाजारात आलं. आमच्या बजेटमधलं जे होतं, त्यात परत आठ. त्या सकाळी तो “आठ” म्हणाला नाही. हेल्मेटच काढलं नाही. तसाच खुर्चीवर बसला. मग हेल्मेट काढून त्याने त्या परदेशी खबऱ्याच्या व्हिडिओखाली अस्सल आंदर मावळी भाषेत एक प्रतिक्रिया लिहिली. ती इथे देता येणार नाही. मग तीन किलोच्या डब्यांची आवई उठली, परत चोवीस झाले, परत त्याचा चेहरा उजळला. मग बातमी आली की बोलणारी-लिहिणारी मशिनं बनवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्यांनी जगातली मेमरी आधीच उचलून नेली, गेमवाल्यांसाठी उरलीच नाही, कार्डं लांबणीवर. “मोठ्या घरच्या पंगतीला गेला भात,” तो म्हणाला, “आमी पत्रावळी घेऊन बसलोय हितं.”

आणि हा कार्डाची वाट बघत असताना खाली काय चाललं होतं? पहिल्या टप्प्यात बुकिंग केलेले लोक जमीन बघायला आले. त्यातल्या एका बाईंनी पायवाटेने लाकडाचा भारा घेऊन उतरणारी माणसं बघितली आणि शेठला विचारलं, “हे कोण? चित्रात तर नव्हते.” नामदेवची आई होती ती भाऱ्याखाली. शेठने दुसऱ्याच आठवड्यात खांब पुरले. तार ओढायची बाकी ठेवली, कारण दुसऱ्या टप्प्याचं चित्र अजून व्हायचं होतं, आणि चित्राप्रमाणे कुंपण जाणार होतं.

नामदेवने हे मला सांगितलं तेव्हा माझा संताप झाला. “तहसीलदाराकडे जा,” मी म्हणाले. “वहिवाटीचा अर्ज कर.”

“तेबी केलंय वाडीनं. तारीख पडतीया. पन चित्र आपल्या हातात हाय, ताई. सरांनी शब्द दिलाय. कार्ड येऊ द्या.”

आणि कार्ड आलं. सरांच्या एका मित्राने परदेशातून येताना आणलं, चोवीस जीबीचं. नामदेवने ते खोक्यातून काढलं. मशीनमध्ये बसवलं आणि कामाला लागला. आठवडाभर कुठलीही खबर नाही, शिवी नाही. डबा खाल्ला की गेमसुद्धा नाही. रखमामावशींनी मला हळूच विचारलं, “आजारी हाय का त्यो?”

चित्र झालं. शेठ आले, सर आले, मोठ्या पडद्यावर नामदेवने ते लावलं. सगळं होतं. बंगले, तलाव, हिरवळ. वर उंबरवाडी, कौलांवर ऊन. उंबर होता, एकूण एक पानासकट. आणि वाडीतून उतरणारी, बंगल्यांच्या मधून रस्त्याला लागणारी वाट. वाटेवर डोक्यावर भारा घेतलेली एक म्हातारी. मशीन अडखळलंसुद्धा नाही.

शेठ म्हणाले, “ही वस्ती कशाला दाखवलीय?”

सर म्हणाले, “नामदेव, तेवढं बंद कर.”

“सर, बसतंय समदं,” नामदेव म्हणाला. त्याचा आवाज आनंदाचा होता, हे मी विसरू शकत नाही. त्याला खरंच वाटलं, सरांना माहीत नाही. “ह्ये बघा, मेमरी अजून शिल्लक हाय. चार जीबी मोकळी हाय.”

“मेमरीचा प्रश्न नाहीये रे.”

“मग कशाचा हाय?”

शेठ मोबाइलमध्ये बघायला लागले. सर पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, “इथे तळं टाक. नैसर्गिक तळं. जागा आहे म्हणतोस ना?”

मी आयुष्यात पुष्कळ माणसं चिडलेली बघितली आहेत. माझ्या घरात तर त्याची परंपरा आहे. पण नामदेवचा चेहरा त्या क्षणी जसा झाला, तसा मी परत बघितला नाही. तो ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला, पण नंतर. आधी अगदी हळू म्हणाला, “म्हंजे जागा कवाच कमी नव्हती.” आणि मग तो फुटला. “दोन वरसं त्या कंपनीला शिव्या घातल्या मी! तिच्या आईबापाला सोडलं न्हाई! तुमी हितं बसून ऐकत व्हता, चा पीत व्हता! म्हनायचं तरी, की लेका, आमालाच नको हाय तुजी वाडी!”

“आवाज खाली,” सर म्हणाले.

“माझी आई हाय ती, भारा घेऊन चाललीया ती! तिच्यावर तळं टाकू?”

त्याने चित्रातलं काहीही काढलं नाही. हेल्मेट उचललं आणि गेला. परत आला नाही, पगाराचं विचारायलाही नाही. तळं पुण्याच्या एका एजन्सीने वाडीच्या जागी काढून दिलं. फार सुंदर तळं. त्यात उतरलेलं ढगांचं प्रतिबिंब बघून शेठ खूश झाले. मी ते चित्र लोकांना पाठवते, रोज, ऑफिसच्या मेलवरून. नोकरी आहे, सोडलेली नाही. पण रोज राग येतो, आणि तो शिळा होत नाही.

नामदेवला मी शेवटचं बघितलं ते स्कीमवरच. पहिला बंगला तयार झाला होता. सरांनी मला कागद घेऊन पाठवलं. शेठने जाहिरातीसाठी खरे फोटो काढायला मुंबईहून फोटोवाला आणला होता. उन्हं तिरपी झाली होती. फोटोवाल्याने हिरवळीवर तिपाई रोवली, कॅमेरा लावला, आणि शेठचा माणूस सगळ्यांना मागे हटवत होता. बंगल्याच्या पलीकडे तारेचं कुंपण होतं. त्याचे दोन खांब आडवे पडले होते आणि तार मातीत लोळत होती.

खालच्या रस्त्याकडून नामदेव येताना दिसला. खांद्यावर गॅसचं सिलिंडर. मागे आई, हातात पिशवी. त्यांच्या मागे वाडीची बाकीची माणसं, बाजार करून आलेली, बायका, म्हातारे, दप्तरं घेतलेली पोरं. घाई नाही, गडबड नाही. रोजच्या वाटेने चालतात तसे चालले होते, हिरवळीवरून, बंगल्याच्या तोंडासमोरून.

“ओ दादा,” फोटोवाला ओरडला, “बाजूला व्हा जरा, फोटोत येताय!”

नामदेव थांबला. सिलिंडर खाली ठेवलं, बरोबर बंगल्याच्या दारासमोर, आणि त्याच्यावर हात टेकून उभा राहिला. मागची माणसंही थांबली.

“येताय म्हंजे काय?” तो म्हणाला. “आमी हितलंच हाय. काढ फोटो.”

शेठचा माणूस शिव्या देत धावत आला. नामदेवने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. फोटोवाला गोंधळला, कॅमेऱ्यातून बघितलं, डोकं वर काढलं, परत बघितलं.

“अहो, सगळे नाही मावत यात,” तो म्हणाला.

“मग तू सरक की मागं,” नामदेव म्हणाला.